अलर्ट बॉट

सर्व्हर किंवा ॲप बिघडलं की त्याची खबर टीमच्या चॅट ग्रुपमध्ये आपोआप टाकणारा छोटा प्रोग्रॅम. मुंबई-नवी मुंबईत पवई, ऐरोली, बीकेसीतल्या आयटी टीम तो टेलिग्राम, स्लॅक नाहीतर मायक्रोसॉफ्ट टीम्सवर वापरतात.

उगम : यावर एकमत नाही. बरेच जण सुरुवात गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या ह्युबॉट या चॅट बॉटपासून धरतात, तो २०११ मध्ये ओपन सोर्स झाला आणि चॅटऑप्स (चॅटमधूनच सर्व्हर सांभाळणं) हे नावही गिटहबच्याच लोकांमुळे रुळलं. पण आयआरसी हे इंटरनेटवरचं जुनं चॅट १९८८ चं, त्यावरचा एगड्रॉप बॉट १९९३ चा, आणि १९९९ च्या सुमारास नेटसेंट म्हणून आलेल्या, सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या टूलमध्ये (२००२ पासून नाव नागिऑस) अलर्ट आला की आपल्याला हवी ती कमांड चालवता यायची, म्हणजे चॅनेलमध्ये एक ओळ टाकणारी स्क्रिप्ट जोडायला काहीच आडकाठी नव्हती. त्यामुळे निव्वळ अलर्टपुरतं बघायचं तर उगम ह्युबॉटच्या आधीचा धरणं जास्त पटतं. ह्युबॉटमुळे चॅटमधूनच सर्व्हरला कमांड द्यायची पद्धत पसरली, तो वेगळा धागा.

जोडणी : टेलिग्रामची बॉट एपीआय (प्रोग्रॅममधून बॉट चालवायची सोय) २०१५ ची. बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून टोकन (आपल्या बॉटची गुप्त किल्ली) घ्यायचं, बॉट ग्रुपमध्ये ॲड करायचा, ग्रुपचा चॅट आयडी काढायचा आणि दोन्ही प्रोमिथियस या मॉनिटरिंग टूलच्या अलर्टमॅनेजरमध्ये (अलर्ट पुढे पाठवणारा भाग) भरायचं. टोकन गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या कोडसोबत, कमिट करू नये. ग्रुपच्या आयडीला पुढे वजा चिन्ह असतं, कॉपी करताना ते सुटलं की मेसेज पोचत नाही. साधा ग्रुप सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठा ग्रुप) झाला की आयडीच बदलतो, नवा -१०० ने सुरू होतो, आणि जुन्यावर पाठवलेले अलर्ट ग्रुपमध्ये दिसतच नाहीत, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

गटबांधणी : खरं काम इथे आहे. डेटाबेस बंद पडला की त्यावर चालणारी प्रत्येक सर्व्हिस वेगळी ओरडते, आणि टेलिग्राम एका ग्रुपमध्ये बॉटला मिनिटाला साधारण २० च मेसेज टाकू देतं. अलर्टमॅनेजर पहिला मेसेज ३० सेकंद रोखून सारखे अलर्ट एकत्र करतो, त्याच गटात नवीन काही आलं तर ५ मिनिटांनी कळवतो, आणि तेच चालू राहिलं तर ४ तासांनी आठवण देतो, हे त्याचे डिफॉल्ट आकडे. ते न बघता सगळंच ग्रुपमध्ये सोडलं की लोक ग्रुप म्यूट करतात, मग बॉट असून नसल्यासारखा.

वेळ : मेसेजच्या साच्यात बदल केला नाही तर त्यातली वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, असते. सकाळी ९:१५ ला शेअर बाजार उघडताच ट्रेडिंग ॲपवर लोड आला तर अलर्टवर ३:४५ दिसतं, आणि लोकलमध्ये दाराशी उभं राहून वाचणाऱ्याला तो पहाटेचा जुना अलर्ट वाटू शकतो. साच्यात भारतीय वेळ टाकूनच घ्यावी.

मर्यादा : मॉनिटरिंगच बंद पडलं तर बॉट गप्प बसतो. म्हणून वॉचडॉग नावाचा एक अलर्ट मुद्दाम कायम चालू ठेवतात, त्याचा सिग्नल दुसरीकडच्या सर्व्हिसला जात राहतो, तो थांबला की ती सर्व्हिस ड्युटीवरच्या माणसाला फोन लावते.