टेप कापलेली नाही, सिंगलच आहे

“टेप कमी हाय ह्यात, दादा. कापल्या कुणीतरी. धा रुपय कमी द्या.”

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातल्या म्हाताऱ्याचा प्रामाणिकपणा मोठा, पण निदान चुकलेलं. हातात होती डिपेश मोड या इंग्लिश बँडच्या ‘एन्जॉय द सायलेन्स’ या गाण्याची कॅसेट सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांचीच कॅसेट, आणि सिंगलमध्ये टेप एवढीच असते.

चूक त्याची नाही. आपल्याकडे कॅसेट म्हणजे अख्खा पिक्चर, दोन्ही बाजू भरून. एका गाण्यासाठी कॅसेट कोण विकत घेणार? तिकडे इंग्लंडात मात्र १९८० साली बाव वाव वाव या बँडनं तसली कॅसेट काढली. गाण्याचं नावही कोऱ्या कॅसेटच्या मापांवरूनच, सी-३०, सी-६०, सी-९०. पुढं सिंगल कॅसेटवर येणं नेहमीचं झालं.

सिंगल आणि अल्बम यांत गल्लत होते ती कव्हरमुळं. सिंगल बहुधा पातळ पुठ्ठ्याच्या खोळीत यायची. खोळ फाटते, मग कुणीतरी कॅसेट प्लास्टिकच्या डबीत घालतं आणि ती अल्बमसारखी दिसू लागते. नावावर तर मुळीच जाऊ नये. १९८४ साली ‘पीपल आर पीपल’ हे डिपेश मोडचं गाणं सिंगल म्हणून आलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्याच नावाचा संकलित अल्बमही निघाला.

म्हणून आधी खिडकीतून टेपचा गुंडा बघायचा. कॅसेट सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर सरकते. सव्वाचार मिनिटांच्या गाण्याला जेमतेम १२ मीटर टेप पुरते. दोन गाणी असली तरी पंचवीसच्या आत. ‘व्हायोलेटर’ हा त्यांचा १९९० चा अल्बम सत्तेचाळीस मिनिटांचा, म्हणजे टेप सत्तर मीटरच्या आसपास. फरक लांबूनही दिसतो. फक्त मॅक्सी-सिंगल फसवते, कारण तिच्यात लांबलचक रिमिक्स कोंबलेले असतात.

दुसरी खूण बारीक अक्षरात छापलेली. म्यूट या रेकॉर्ड कंपनीनं डिपेश मोडच्या इंग्लंडातल्या बहुतेक सिंगलना ‘बाँग’ आणि अल्बमना ‘स्टम’ असे क्रमांक दिले. कॅसेट असेल तर पुढं ‘सी’. ‘सी-बाँग १८’ म्हणजे ‘एन्जॉय द सायलेन्स’, ‘सी-स्टम ६४’ म्हणजे ‘व्हायोलेटर’. एवढं पाठ असलं की चष्मा विसरला तरच अडतं.

अल्बम असताना सिंगल कशाला, हा प्रश्न घरी नेहमी येतो. एक तर तेच गाणं दोन्हीकडं एकसारखं नसतं. अल्बमवर ‘एन्जॉय द सायलेन्स’ सहा मिनिटांच्या वर जातं, कारण त्याच्या शेपटीला एक बिननावाचा तुकडा जोडलाय. आणि सिंगलची जोडगाणी, म्हणजे मुख्य गाण्यासोबत येणारी. ‘मेम्फिस्टो’ नावाची वाद्यरचना ‘व्हायोलेटर’वर शोधून सापडायची नाही. माझ्या मते जमवायचं ते यासाठी. निव्वळ खोळीचे पैसे मोजणाऱ्यांचा नाद वेगळा.

एक गंमत आणखी. बऱ्याच सिंगलवर दोन्ही बाजूंना तीच गाणी असतात. बिघाड समजू नका. उलटवली की गाणं पुन्हा पहिल्यापासून, रिवाइंड करायला नको. कोल्हापूरच्या पावसात हे कामाचं नाही मात्र: बुरशी धरली की दोन्ही बाजू एकदमच जातात, टेप एकच ना. घेताना गुंड्यावर पांढुरकं काही दिसतंय का आणि मधली फेल्टची गादी जागेवर आहे का, तेवढं बघा.

म्हाताऱ्याला मी पुरते पैसे दिले. त्यानं नोट उन्हात धरून दोनदा पाहिली.