गुणगुण येते कुठून? कॉम्प्युटर, रिसीव्हर आणि मधली जाळीची तार

हळदीची रात्र असो की श्रावणातली कानबाई, खान्देशातल्या घरांत आता गाणी कॉम्प्युटरवरून लागतात. स्पीकर मात्र बरेचदा जुनेच असतात. वडिलांनी हौसेने घेतलेला स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे आवाज मोठा करणारा अॅम्प, आणि त्याच्या लाकडी पेट्या अजून ठणठणीत असतात, म्हणून लॅपटॉपला एक तार लावायची आणि तिची लाल-पांढरी टोकं रिसीव्हरच्या पाठीमागे बसवायची. गाणं सुरू होतं ते दबलेलं, बारीक, आणि मागून एकसारखी 'हूंऽऽ' अशी गुणगुण. घरातलं निदान ठरलेलं असतं: अॅम्प म्हातारा झाला, आता नवा घ्या.

हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. चांगला रिसीव्हर भंगारात गेलेला पाहिला की जीव तुटतो, म्हणून हा लेख. दोष बहुधा दोन यंत्रांच्या मधल्या जागेत असतो. तारेतल्या ज्या भागाकडे कुणी पाहत नाही, त्या आतल्या तारांभोवती विणलेल्या बाहेरच्या जाळीत.

आधी सोप्या गोष्टी उरकून घेऊ. घरगुती उपकरणांत लाइन पातळीचा, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात जाणारा, सिग्नल साधारण ०.३ व्होल्टचा धरतात. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून पूर्ण आवाजावर १ व्होल्टच्या आसपास मिळतो. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो आणि तबकडीवरच्या सुईचा ३ ते ५ मिलिव्होल्ट. म्हणून रिसीव्हरच्या पाठीवर 'फोनो' लिहिलेल्या भोकात कॉम्प्युटर कधीही लावू नये. ते भोक मिलिव्होल्टची वाट पाहत असतं. शिवाय तबकडीच्या ध्वनिमुद्रणात खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो भरून काढायला फोनोचं सर्किट ५० हर्ट्झचा आवाज १००० हर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ ७ पट वाढवतं. आपल्या विजेची वारंवारिता नेमकी ५० हर्ट्झ. गाणं फाटतं आणि गुणगुण फुगते. 'ऑक्स', 'सीडी' किंवा 'टेप इन' यांपैकी काहीही चालेल, पण 'टेप आउट' नको, ते बाहेर जाणारं भोक आहे. डेस्कटॉपच्या मागे हिरवं भोक आवाज बाहेर जाण्याचं, गुलाबी माइकचं आणि फिकट निळं आवाज आत घेण्याचं.

मग आवाजाचे नळ. ते तीन असतात: गाणं वाजवणाऱ्या अॅपचा, कॉम्प्युटरचा आणि रिसीव्हरचा. पहिले दोन बारीक ठेवून तिसरा पिळला, की वाटेत तारेत शिरलेला गोंगाटही गाण्याइतकाच मोठा होतो. पहिले दोन जवळजवळ पूर्ण उघडावेत, गाणं फाटू लागलं तर किंचित मागे घ्यावेत आणि घरातला आवाज फक्त रिसीव्हरच्या बटणाने कमीजास्त करावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्या तक्रारींत विज्ञान आहे.

अमळनेरला भाच्याकडे ही तक्रार अगदी शुद्ध रूपात पाहायला मिळाली. "मामा, गानं वाजस, पन बाईना आवाजच येस नही." खरंच, ढोलकी लांबून आल्यासारखी, पेटी पोकळ, आणि गाणारी बाई जवळजवळ गायब. लॅपटॉपला कडक प्लास्टिकचं कव्हर होतं आणि त्याच्या जाडीमुळे पिन दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहत होती. कव्हर काढलं, पिन टक् करून आत बसली आणि बाई गायला लागली.

असं का व्हावं? पिनेवर तीन धातूचे भाग असतात. टोकाचा डाव्या आवाजाचा, मधला उजव्या आवाजाचा आणि मुळाशी असलेला दोघांचा सामाईक, म्हणजे तारेची जाळी. सिग्नल म्हणजे आतल्या तारेचा या सामाईक तारेपासूनचा फरक. पिन अर्धवट बसली किंवा जाळी कुठे तुटली, की सामाईक तार अधांतरी होते आणि डाव्या-उजव्याच्या बरोबर मध्यावर तरंगू लागते. आता डाव्या स्पीकरला ऐकू येतं ते डावं वजा उजवं, त्याचं अर्धं. उजव्याला तेच उलट चिन्हाने. गाणाऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच. वजाबाकीत तो शून्य होतो. उरतात फक्त बाजूला ठेवलेली वाद्यं आणि घुमारा. स्पीकर, अॅम्प, गाण्याची फाइल, सगळं धडधाकट असतं. एका सामाईक तारेने साथ सोडली की गाण्यातला माणूसच निघून जातो. मला ही वजाबाकी फार आवडते, कारण सिग्नल हा फरक असतो हे ती कानाला ऐकवते.

आता गुणगुण. तिचं मूळ याच फरकात आहे.

कॉम्प्युटर म्हणतो, माझ्या शून्यापासून सिग्नल ३०० मिलिव्होल्ट वर आहे. रिसीव्हर तो आकडा मोजतो, पण स्वतःच्या शून्यापासून. दोघांचं शून्य एकच राहावं म्हणून मध्ये जाळी. पण जाळीही तांब्याचीच तार, तिलाही थोडा रोध असतो, आणि तिच्यातून कुठला परका प्रवाह वाहू लागला तर तिच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक पडतो. दोन शून्यं एकमेकांपासून सरकतात. तापीत हलणाऱ्या नावेत उभं राहून काठावरच्या झाडाची उंची मोजावी, तसं रिसीव्हरचं होतं. झाड स्थिर आहे, पण मोजणाऱ्याला ते वरखाली होताना दिसतं. प्रवाह ५० हर्ट्झचा असेल तर हे वरखाली होणं सेकंदाला ५० वेळा, आणि रिसीव्हरला ते गाण्याहून वेगळं ओळखता येत नाही.

हा परका प्रवाह येतो कुठून? जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटा असल्या की येतो. डेस्कटॉपचा प्लग तीन पिनांचा, म्हणजे त्याचा सांगाडा घराच्या अर्थिंगला जोडलेला. रिसीव्हरचा प्लग कदाचित दोनच पिनांचा. पण रिसीव्हरला टीव्ही जोडलेला असतो, टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, आणि त्याला गच्चीवरून आलेली केबल. ती केबल भलत्याच ठिकाणी जमिनीला टेकलेली असते, खांबावर किंवा गच्चीच्या लोखंडी कठड्याला. आपली आवाजाची तार जोडताच या दोन जमिनी एकमेकींना जोडल्या जातात आणि एक प्रचंड मोठं वेटोळं पूर्ण होतं. कॉम्प्युटर, बोर्ड, घराची अर्थिंग, माती, खांब, केबल, टीव्ही, रिसीव्हर आणि आपली जाळी. इंग्रजी शिकलेले तंत्रज्ञ याला 'ग्राउंड लूप' म्हणतात. दोन जमिनींत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला, किंवा वेटोळ्यात शिरणारं भोवतालच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं, की प्रवाह वाहतो.

आकडे घालून बघू. धरा, दोन जमिनींत ५० मिलिव्होल्टचा फरक आहे. जाळीचा रोध ०.१ ओहम, बाकी सगळ्या वाटेचा ०.४ ओहम. प्रवाह निघतो १०० मिलिअँपियर, आणि जाळीच्या दोन टोकांत फरक १० मिलिव्होल्ट. ३०० मिलिव्होल्टच्या गाण्यात हा गोंगाट तीसावा हिस्सा, म्हणजे गाण्याच्या साधारण ३० डेसिबल खाली. दोन ओळींच्या मधल्या शांततेत स्पष्ट ऐकू येतो. आता कॉम्प्युटरचा आवाज बारीक करून गाणं ३० मिलिव्होल्टवर आणा. गोंगाट तेवढाच राहतो, म्हणून तो गाण्याचा तिसरा हिस्सा होतो. 'आवाज बारीक' आणि 'गुणगुण मोठी' या तक्रारी हातात हात घालून येतात त्या अशा.

खात्री करायची सर्वांत सोपी रीत लॅपटॉपवाल्यांना फुकट मिळालेली आहे: चार्जर काढा. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला जमिनीकडे जाणारी वाट नसते. चार्जर काढताच गुणगुण थांबली तर वेटोळं सिद्ध झालं. कान देऊन ऐकलं तर आणखी एक गंमत सापडते. माउस हलवताना किंवा पान सरकवताना स्पीकरमधून बारीक 'चिर्र' येते. प्रोसेसर क्षणाक्षणाला कमीजास्त वीज ओढतो, त्या प्रवाहाचा काही भाग याच सामाईक तारेतून जातो आणि कॉम्प्युटरचं काम चक्क ऐकू येतं.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. वास्तू पाहणाऱ्याच्या सल्ल्याने कुणी अॅम्प आग्नेय कोपऱ्यात हलवतो आणि गुणगुण खरोखर थांबते. ती दिशेमुळे थांबत नाही, बोर्ड बदलल्यामुळे थांबते. कॉम्प्युटर आणि अॅम्प एकाच बोर्डावर आले आणि वेटोळं आक्रसलं. तोच अॅम्प त्याच बोर्डावरून नैर्ऋत्येला ठेवला तरी गुणगुण येणार नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या हजारोंच्या तारांचीही तीच कथा. सोनं गंजत नाही, एवढा त्याचा उपयोग खरा, पण वेटोळं ते तोडत नाही. जाड जाळीची, लांबीला कमी अशी साधी तार पुरेशी असते.

तिसरी पिन कापण्याचा उपाय मात्र जिवावर बेतणारा आहे. गुणगुण थांबते हे खरं, म्हणूनच तो पसरला. पण नंतर कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या भागात बिघाड झाला, तर धोक्याचा प्रवाह जमिनीत जाण्याऐवजी आवाजाच्या तारेतून रिसीव्हरच्या लोखंडी पेटीवर येतो आणि पेटीवर हात कुणाचाही पडू शकतो. बिघाड नसला तरी अर्थिंग तुटलेल्या यंत्राच्या धातूच्या अंगावर, पुरवठ्यातल्या गोंगाट-गाळणीच्या छोट्या कपॅसिटरांमुळे (वीज साठवणारे भाग), २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगतं. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून फक्त मुंग्या येतात. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवताना बारीक कंप जाणवला, तर आपल्या बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकात तार आहे की नाही हे वायरमनला विचारायची वेळ झाली आहे. जुन्या घरांत ते भोक नुसतं शोभेचं असतं.

आपल्याकडे आणखी एक चुकीचा उपाय चालतो: अॅम्पसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा. कोळसा-मीठ घालून, तांब्याची पट्टी पुरून, खर्च करून. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, काळी माती भेगाळते, ओल गेली की मातीचा रोध चढतो. म्हणून घराच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहणं अगदी योग्य आहे. पण ते आपल्या जिवासाठी, गुणगुणीसाठी नव्हे. एकच कमजोर अर्थिंग दोन्ही यंत्रांना मिळाली तर दोघांचं शून्य एकत्रच वरखाली होतं, फरक पडत नाही. दोन वेगळे खड्डे केले आणि शेजारच्या विहिरीवरच्या मोटरचा प्रवाह मातीत गळत असला, की दोन खड्ड्यांत व्होल्टेजचा फरक उभा राहतो. माती जितकी कोरडी, तितका तो जास्त. आपण वेटोळं स्वतःच्या हाताने बांधलेलं असतं.

खरा उपाय म्हणजे जाळीतला तांब्याचा दुवा तोडून फक्त गाणं पलीकडे पाठवणं. रिसीव्हरला ऑप्टिकल भोक असेल आणि कॉम्प्युटरलाही, तर प्रश्न मिटला. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंकची तार प्रकाश वाहते, प्रवाह वाहत नाही. ब्लूटूथचा छोटा रिसीव्हरही तेच साधतो. जुन्या रिसीव्हरला मात्र मला सर्वांत आवडतो तो ट्रान्सफॉर्मर. बाजारात 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची डबी मिळते, तिच्यात एकास एक वेढ्यांचे दोन ट्रान्सफॉर्मर असतात, डाव्याला एक आणि उजव्याला एक. फॅरडेने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून जे दाखवलं, तेच इथे. पहिल्या वेढ्यांच्या दोन टोकांतला बदलता फरक लोखंडात चुंबकीय प्रवाह उभा करतो आणि तो दुसऱ्या वेढ्यांत तसाच फरक निर्माण करतो. पलीकडे जातो तो फक्त फरक. कॉम्प्युटरचं शून्य स्वतः कितीही वरखाली झालं, तरी ते पहिल्या वेढ्यांच्या दोन्ही टोकांना सारखंच उचलतं, म्हणून लोखंडाला त्याचा पत्ता लागत नाही.

स्वस्त डबीत खर्ज हरवतो, त्यालाही कारण आहे. लोखंडातला चुंबकीय प्रवाह व्होल्टेज भागिले वारंवारिता या प्रमाणात असतो. तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झच्या ढोलाने उभा केलेला प्रवाह १००० हर्ट्झच्या सुराच्या २० पट. शेंगदाण्याएवढा लोखंडी गाभा एवढा प्रवाह पेलू शकत नाही, तो संपृक्त होतो आणि ढोल भदाडा वाजतो. म्हणून डबी हातात घेऊन वजन बघावं, जड असेल ती घ्यावी. हलकीच मिळाली तर कॉम्प्युटरचा आवाज थोडा खाली आणला की गाभ्यावरचा भार उतरतो. जाळी तुटलेली असल्याने आता तेवढं खाली येणं परवडतं.

एक शक्यता उरते. रिसीव्हरचं बटण शून्यावर नेलं, सगळ्या तारा काढल्या, तरी गुणगुण कायम असेल, तर ती बाहेरून येत नाही. पुरवठ्यातला मोठा कपॅसिटर वाळला की १०० हर्ट्झची भरड घरघर येते, वेटोळ्याच्या ५० हर्ट्झच्या घुमण्यापेक्षा वरच्या पट्टीतली. हे काम गल्लीतल्या रेडिओ मेकॅनिकचं. तो कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेला राहू शकतो, त्यामुळे झाकण घरी उघडू नये. दोन कपॅसिटर बदलून रिसीव्हर पुन्हा वर्षानुवर्षं वाजतो, आणि त्याचा खर्च नव्या सिस्टीमच्या मानाने नगण्य असतो.