बाहेर पडायला बंदी असलेलं बेट सुट्टीचं बेट कसं झालं : जेजूची पार्श्वभूमी

दक्षिण कोरियाची राजधानी सोल ते जेजू बेट हा जगातला सर्वांत गर्दीचा विमानमार्ग. तासाभराचं उड्डाण, वर्षाला एक कोटीहून जास्त प्रवासी, आणि त्यातले बहुतेक सुट्टीवर निघालेले. खिडकीतून हाल्लासानचं शिखर दिसतं, मग काळ्या दगडी कुंपणांनी आखलेले शेतांचे तुकडे, मग समुद्राची निळी कड, आणि विमान टेकतं. हा विमानतळ मुळात जपानी लष्कराने दुसऱ्या महायुद्धात तयार केलेला तळ. 2007 ते 2009 या काळात तिथे उत्खनन झालं, तेव्हा मातीखालून 380 हून अधिक माणसांचे अवशेष निघाले. 1948 नंतरच्या दोन-तीन वर्षांत गोळ्या घालून तिथेच पुरलेली ही माणसं होती.

जेजूच्या सहलीचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो: सूर्योदयाचं शिखर, समुद्रात कोसळणारा धबधबा, लाव्हाची गुहा, पाणबुड्या आजीबाई, काळे दगडी पुतळे, संत्र्यांच्या बागा. हे सगळं पाहावंच. पण सुट्टीचं बेट ही या भूमीची ओळख जेमतेम साठ वर्षांची आहे. त्याआधी कित्येक शतकं इथे आपखुशीने कोणी येत नव्हतं आणि इथल्या माणसाला बाहेर जायची मुभा नव्हती. हे ठाऊक असलं की तीच ठिकाणं वेगळी दिसतात.

सुरुवात दगडापासून करावी लागते. गोव्याच्या निम्म्या आकाराचं हे बेट ज्वालामुखीतून वर आलं आहे. मधोमध उभा 1947 मीटरचा हाल्लासान हा दक्षिण कोरियातला सर्वांत उंच डोंगर. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसाल्ट, पण वयात जमीन-अस्मानाचा फरक. दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, तर जेजूचं प्रसिद्ध सूर्योदय-शिखर, सोंगसान इल्चुलबोंग, जेमतेम पाच हजार वर्षांचं. सच्छिद्र दगडातून पावसाचं पाणी थेट खाली झिरपतं, म्हणून भातशेती जवळजवळ नाहीच; शतकानुशतकं पोट भरलं ते बाजरीसारख्या भरड धान्यावर आणि जवावर. गोडं पाणी किनाऱ्यालगतच्या झऱ्यांत. बायका पाठीवरच्या टोपलीत मातीचा घडा बसवून ते घरी आणत.

शेताभोवती दगड नुसते रचलेले असतात, चुना नाही की माती नाही. कोकणातला गडगा डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की इथे दगडांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. समुद्रावरचा वारा त्यांतून निघून जातो, म्हणून भिंत टिकते. दगड, वारा आणि बायका या तीन गोष्टी जेजूत मुबलक, असं कोरियात म्हणतात. बायका मुबलक, कारण पुरुष समुद्रात बुडत किंवा पळून जात. हे बेट कोणी घडवलं याच्या लोककथेतही एक बाईच आहे: सोलमुंदे नावाची महाकाय आजी. तिने ओच्यातून माती वाहून आणली आणि हाल्लासान रचला. वाटेत ओच्याच्या भोकांतून सांडली त्या मातीच्या टेकड्या झाल्या. अशा साडेतीनशेच्या वर टेकड्या बेटावर आहेत. त्यांना तिथे ओरुम म्हणतात.

कधीकाळी इथे ताम्ना नावाचं स्वतंत्र राज्य होतं. 1105 मध्ये ते कोरियातल्या गोर्यो राजवटीने आपल्यात ओढलं. 1273 मध्ये मंगोल फौजांनी इथल्या शेवटच्या बंडखोर सैन्याचा पाडाव केला आणि बेटाच्या गवताळ उतारांवर आपल्या घोड्यांची पैदास सुरू केली. डोंगरउतारावर पर्यटक ज्या बुटक्या घोड्यांसोबत फोटो काढतात त्यांचा वंश त्या काळाशी जोडलेला आहे. ‘माणूस जन्मला तर सोलला पाठवा, घोडा जन्मला तर जेजूला’ ही म्हण कोरियात आजही ऐकू येते. जेजूच्या माणसाला ती कशी लागत असेल, हा विचार मात्र कोणी करत नाही.

पुढे जोसोन राजवटीत हे हद्दपारीचं बेट झालं. गादीवरून उतरवलेला राजा ग्वांगहे 1641 मध्ये इथेच वारला. थोर सुलेखनकार किम जोंग-ही 1840 पासून आठ वर्षं इथे नजरकैदेत होता. त्याने 1844 मध्ये काढलेलं चित्र, थंडीतलं एक घर आणि चार झाडं, आज कोरियाचा राष्ट्रीय ठेवा आहे.

बाहेरून आलेला हद्दपार निदान कधीतरी सुटत असे. बेटावरच्या प्रजेला ती आशा नव्हती. राजाला नजराणा म्हणून घोडे, अबलोनी नावाचे शिंपले आणि संत्री द्यावी लागत. संत्र्यांचा जाच असा की अंमलदार झाडावरची कोवळी फळंच मोजून जात आणि पुढे तितकीच मागत. वाऱ्याने गळली तर भरपाई शेतकऱ्याची. लोक रात्री झाडाच्या मुळांत उकळतं पाणी ओतून आपल्याच हातांनी झाड मारत, असं सांगतात. माणसं होड्यांत बसून पळू लागली, तेव्हा 1629 मध्ये बेट सोडण्यावर बंदी आली. ती जवळजवळ दोनशे वर्षं टिकली. बायकांवर ती जास्तच कडक होती.

या बंदीच्या काळातली किम मान-दोक (1739–1812) ही बाई मला जेजूच्या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते. लहानपणी अनाथ झालेली, पुढे स्वतःच्या हिमतीवर मोठी व्यापारी झालेली. 1790 च्या दशकात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तिने आपली संपत्ती खर्चून मुख्य भूमीवरून धान्य आणवलं आणि लोकांना वाटलं. राजा जोंगजोने विचारलं, काय हवं? तिने सोनं-नाणं मागितलं नाही. राजधानी पाहायची आहे आणि गुमगांगसान डोंगर पाहायचा आहे, एवढंच मागितलं. बेटाबाहेर पाऊल टाकायची बंदी असलेल्या बाईने सहल मागितली. राजाने तिला राजवाड्यातल्या वैद्य-स्त्रियांमधलं पद दिलं, म्हणजे कायद्याची अडचण दूर झाली, आणि 1797 मध्ये ती तो डोंगर पाहून आली.

नजराण्याच्या याच रेट्यातून हेन्यो, म्हणजे पाणबुड्या बायका, पुढे आल्या. आधी अबलोनी काढायला पुरुष बुडत. ते पळाले, मेले, आणि ओझं बायकांवर आलं. हेन्यो प्राणवायूची नळकांडी वापरत नाहीत. दहा मीटर किंवा त्याहूनही खोल, एक-दोन मिनिटांचा श्वास, वर आल्यावर छातीतून निघणारी शिटीसारखी लांब ‘हुई’. त्या आवाजाला वेगळं नाव आहे: सुम्बीसोरी. लोभाने पाण्यात थोडं जास्त थांबून घेतलेला शेवटचा श्वास तो ‘मुलसुम’, पाण्याचा श्वास; जीव घेतो तो तोच, हे नवशिक्या मुलीला आधी शिकवतात. ‘परलोकात कमवायचं, इहलोकात खर्चायचं’ असं त्या आपल्या धंद्याबद्दल म्हणतात. 1932 मध्ये जपानी अंमलाखालच्या संस्थेकडून होणाऱ्या लुबाडणुकीविरुद्ध याच बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या होत्या. 2016 मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेला वारशाचा दर्जा दिला. 1960 च्या दशकात वीस हजारांहून जास्त हेन्यो होत्या, आज तीन हजारांच्या आत आहेत, बहुतेक साठीच्या पुढच्या. सोंगसानच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी पाण्यात उतरणाऱ्या आजीबाईंकडे खेळ म्हणून पाहू नका, ही मनापासूनची विनंती.

1945 मध्ये जपानचा पराभव झाला, तेव्हा बेटावर सत्तर हजारांच्या आसपास जपानी सैनिक होते. अमेरिकेचा हल्ला इथे होईल म्हणून त्यांनी किनाऱ्याच्या कड्यांत बोगदे खणून घेतले होते, तेही स्थानिकांना राबवून. सोंगसानच्या खाली आणि नैऋत्येला सोंगाकसानच्या कड्यात ते अजून आहेत. जवळच आल्तुरु धावपट्टीवर विमानांसाठी बांधलेले काँक्रीटचे घुमट बटाट्याच्या शेतांत जसेच्या तसे उभे आहेत.

युद्ध संपलं आणि ओसाकाला कामाला गेलेले हजारो जण परत आले. काम नाही, पीक बुडालेलं, त्यात 1946 मध्ये कॉलराची साथ. 1 मार्च 1947 रोजी जेजू शहरातल्या ग्वानदोकजोंग मंडपासमोर (1448 मध्ये बांधलेला हा मंडप आजही शहरफेरीत दाखवतात) घोडेस्वार पोलिसाच्या घोड्याची लाथ एका लहान मुलाला लागली. लोक चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, सहा जण मेले. त्यानंतर संप, धरपकड, छळ. 3 एप्रिल 1948 च्या पहाटे सुमारे साडेतीनशे डाव्या बंडखोरांनी बारा पोलीस चौक्यांवर हल्ला केला. कोरियाची कायमची फाळणी करणारी दक्षिणेतली स्वतंत्र निवडणूक त्यांना नको होती.

याचं उत्तर मिळालं ते सगळ्या बेटाला. 17 ऑक्टोबर 1948 रोजी फर्मान निघालं: किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला जो दिसेल तो बंडखोर समजून गोळी घालण्यात येईल. नोव्हेंबरात लष्करी कायदा लागू झाला आणि त्या हिवाळ्यात डोंगरउतारावरची गावं एकामागून एक जाळली गेली. सर्व मिळून 25 ते 30 हजार माणसं मारली गेली असावीत, म्हणजे बेटावरच्या दहा माणसांतलं एक. बंडखोरांनीही माणसं मारली, पण बहुतेकांना मारलं ते सरकारी दलांनी आणि त्यांच्या साथीदारांनी.

सहलीच्या नकाशावर आता हे ठेवून पाहा. सोंगसान इल्चुलबोंगला जोडणारी वाळूची चिंचोळी पट्टी, जिथून शिखराचा सर्वांत सुंदर फोटो मिळतो, ती आसपासच्या गावकऱ्यांना आणून मारण्याची जागा होती. सोग्विपो शहराजवळ 23 मीटरवरून थेट समुद्राकडे कोसळणारा जोंगबांग धबधबा, तोही तसाच. तारांगशी या देखण्या ओरुमजवळच्या गुहेत लपलेल्या अकरा जणांना, बायका आणि नऊ वर्षांच्या मुलासकट, धुराने गुदमरवून मारलं. ते 1992 मध्ये सापडले. मानजांगगुल ही सात किलोमीटरहून लांब लाव्हा-गुहा पाहताना मला म्हणूनच दुसरीच एक गोष्ट आठवते. ती गुहा 1946 मध्ये गिमन्योंगच्या प्राथमिक शाळेतले तरुण शिक्षक बू जोंग-ह्यू यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन, हातात पलिते आणि दोरी धरून धुंडाळली. पोरं अंधारात पुढे पुढे जात होती. दोनच वर्षांनी बेटावरच्या पोरांना गुहा लपायला लागल्या.

हामदोकच्या हिरव्यानिळ्या पाण्याच्या किनाऱ्यावर सगळे जातात. त्याच्या पूर्वेला एक टेकडी आहे, आणि टेकडीपलीकडे बुकचोन गाव. 17 जानेवारी 1949 रोजी बंडखोरांनी दोन सैनिक मारले म्हणून गावकऱ्यांना शाळेच्या पटांगणात गोळा केलं आणि आजूबाजूच्या शेतांत नेऊन तीनशेहून अधिक जणांना गोळ्या घातल्या. कोरियात पितरांचं श्राद्ध, जेसा, पुण्यतिथीच्या रात्री घरोघरी करतात. बुकचोनमध्ये ते घराघरांत एकाच रात्री असतं. गावाच्या कडेला तान्ह्या मुलांची थडगी आहेत: काळ्या दगडांची लहान लहान रिंगणं, आत गवत. येणारे लोक तिथे खेळणी ठेवून जातात.

हाल्लासान पुन्हा चढायला खुला झाला तो 21 सप्टेंबर 1954 ला. पण तोंडं बंदच राहिली. मेलेल्यांच्या नातलगांना सरकारी नोकरी नाही, पोलिसांची नजर कायम. बुकचोनच्या हत्याकांडावर 1978 मध्ये कथा लिहिणारे ह्यन गि-यंग यांना पकडून छळण्यात आलं. आणि नेमक्या याच गप्प वर्षांत पर्यटन उभं राहिलं. 1961 च्या लष्करी बंडानंतर डोंगर ओलांडून जाणारा रस्ता झाला; त्याचं नावच त्या बंडाच्या तारखेवरून ‘5·16 मार्ग’. संत्र्याची लागवड वाढली, आणि ज्या झाडाला पूर्वी उकळतं पाणी घालून मारत त्याला लोक ‘कॉलेजचं झाड’ म्हणू लागले, कारण मोजक्या झाडांवर पोराचं विद्यापीठाचं शिक्षण निघे. 1970 मध्ये हाल्लासान राष्ट्रीय उद्यान झालं, त्याच दशकाच्या अखेरीस जुंगमुनला हॉटेलांची वसाहत आखली गेली. मौजेसाठी परदेशी जायची मोकळीक कोरियन माणसाला 1989 मध्ये मिळाली, तोवर नवी जोडपी मधुचंद्राला जेजूलाच येत. काळ्या दगडी ‘तोल हारुबांग’ आजोबांचं नाक चोळलं तर मुलगा होतो, ही समजूतही पर्यटकांत पसरली. मूळचे हे पुतळे 18 व्या शतकातले, तटबंदीच्या वेशीबाहेर राखणीला उभे केलेले.

2007 मध्ये बेटाचा ज्वालामुखी आणि लाव्हा-गुहा युनेस्कोच्या यादीत गेल्या. त्याच वर्षी माजी पत्रकार सो म्योंग-सुक यांनी ‘ओल्ले’ पायवाटांची सुरुवात केली. ओल्ले म्हणजे रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत दगडी भिंतींतून जाणारी अरुंद वाट. आपली पाणंद आठवा. आज या वाटा 437 किलोमीटर आहेत आणि माझ्या मते जेजू पाहायची हीच योग्य रीत आहे, कारण त्या गावांमधून जातात.

1948 च्या त्या रक्तपाताच्या सत्यशोधनाचा खास कायदा 2000 मध्ये झाला आणि 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यन यांनी जेजूच्या लोकांची माफी मागितली. 2025 मध्ये या घटनेची कागदपत्रं युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात दाखल झाली. नोबेलविजेत्या हान कांग यांची एक कादंबरीही 1948 च्या त्याच हिवाळ्याभोवती फिरते. सरकार पूर्वी याला दंगल म्हणत असे, कोणी उठाव म्हणतं, कोणी हत्याकांड. अधिकृतपणे नुसतं ‘4·3’, म्हणजे 3 एप्रिल ही तारीख. हाल्लासानच्या उतारावर 4·3 शांती उद्यान आहे. तिथल्या संग्रहालयात शिरल्यावर लवकरच एक मोठा पांढरा दगड लागतो. तो उभा नाही, आडवा ठेवला आहे, आणि त्यावर एक अक्षरही कोरलेलं नाही. योग्य नाव ठरेल त्या दिवशी ते कोरून हा दगड उभा करायचा, असं शेजारी लिहिलं आहे.