जुन्या घराला हात लावण्याआधी: कोकणातल्या शहरांत दुरुस्ती आणि पुनर्बांधणीची परवानगी कशी मिळवायची

आमच्या घरी पडवीचा एक वासा बसला. सुतार वर चढला, दोन कौलं सरकवून बघितली आणि वरूनच ओरडला, "अण्णा, वाळवी आड्यापर्यंत गेलीय!" अण्णा म्हणजे माझे थोरले काका. त्यांनी ओळखीच्या ड्राफ्ट्समनकडून अर्ज लिहून घेतला. विषय होता: 'जुन्या घराचे नूतनीकरण व बांधकाम करणेबाबत.' त्यातल्या 'व बांधकाम' या शेपटामुळे पाच महिने गेले. घर किल्ल्याच्या तटापासून शंभर मीटरच्या आत. तिथे दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो, बांधकामासाठी नाही. अर्ज जसा गेला तसा परत आला.

म्हणून कागद गोळा करायला लागण्याआधी अर्जात कोणता शब्द लिहायचा ते ठरवा. दुरुस्ती म्हणजे आहे ती इमारत तशीच ठेवून खराब झालेला भाग बदलणं. पुनर्बांधणी म्हणजे पाडून त्याच जोत्यावर, त्याच उंचीची उभी करणं. पुनर्विकास म्हणजे पाडून नव्या नियमांनुसार जास्त चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकामाचं क्षेत्र) घेऊन बांधणं. बोलताना आपण तिन्हीला 'घराचं काम काढलंय' म्हणतो. कायद्यात मात्र तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत.

तुमचं घर कुठे येतं?

आधी किल्ल्याचं बघू, कारण सगळ्यात कडक नियम तिथेच आहेत. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर हे नियमन केलेलं क्षेत्र. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन हे अंतर कायद्यातच आलं. अंतर बुरुजापासून किंवा दरवाजापासून मोजत नाहीत, संरक्षित हद्दीच्या रेषेपासून मोजतात. रेवदंड्यात तर गावच तटाच्या आत आहे, आणि विजयदुर्गात घरं किल्ल्याच्या दारापर्यंत आली आहेत. अशा ठिकाणी 'आमचं घर तर लांब आहे' या भरवशावर राहू नका, नकाशावर मोजून घ्या.

प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम नाही आणि पुनर्बांधणीही नाही. दुरुस्ती व नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो, पण घर १६ जून १९९२ पूर्वीचं असलं पाहिजे किंवा नंतर रीतसर परवानगीने बांधलेलं असलं पाहिजे. नियमन केलेल्या क्षेत्रात बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती, सगळ्यासाठी अर्ज चालतो. अर्ज जातो सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन. तो त्याने १५ दिवसांत दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत कळवायचं आणि त्यानंतर महिन्याभरात सक्षम प्राधिकाऱ्याने होय किंवा नाही सांगायचं, असं कायदा म्हणतो. तरी पावसाळ्यापूर्वी छप्पर पुरं व्हायला हवं असेल तर दिवाळीच्या आधी अर्ज टाका. परवानगीशिवाय काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यात आपल्या पट्ट्यातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. नुसत्या त्या यादीमुळे १०० आणि २०० मीटरचे आकडे बदललेले नाहीत.

किल्ला जवळ नसला तरी समुद्र असतोच. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटर, आणि खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यांतलं जे कमी असेल ते अंतर या क्षेत्रात येतं. ग्रामीण किनाऱ्यावर त्यातला भरतीरेषेलगतचा पट्टा 'ना विकास क्षेत्र' असतो: दाट वस्तीच्या ठिकाणी ५० मीटर, एरवी २०० मीटर. इथला नियम किल्ल्याजवळच्या नियमापेक्षा वेगळा आहे. ना विकास क्षेत्रातल्या अधिकृत घराची दुरुस्ती तर चालतेच, पुनर्बांधणीही चालते. फक्त जोत्याचं क्षेत्र, चटईक्षेत्र आणि घनता आहे तेवढीच ठेवायची. या नियमात 'अधिकृत' हा शब्द महत्त्वाचा. घर अधिकृत असल्याचा कागद नसेल तर सवलतीचा काही उपयोग नाही.

नदीकाठच्या गावांचं दुखणं निराळं. वाशिष्ठीकाठचं चिपळूण, सावित्रीकाठचं महाड, अर्जुना आणि कोदवलीच्या कुशीतलं राजापूर. तिथे पूररेषा दोन: निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत मिळकतीचा पुनर्विकास करायचा असेल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं आणि जलसंपदा विभागाचा ना हरकत दाखला लागतो. जुन्या बाजारपेठेत ही अट म्हणजे रस्त्यावरचं दुकान शिडी लावून चढायचं झालं. मला विचाराल तर अशा ठिकाणी चिरेबंदी घर भक्कम असेल तर दुरुस्तच करावं. जांभा पाणी पितो आणि वाळतो. त्याला सिमेंटचा गिलावा केला की तो ओल आत कोंडतो आणि वासे भिंतीत शिरतात तिथे कुजतात.

नगर परिषदेच्या हद्दीत वारसा यादी आहे का, हेही विचारून घ्या. यादीत घर असेल तर श्रेणी १, २ किंवा ३ असते. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीच बदलता येत नाही, दुसरीत आतले बदल मर्यादेत, तिसरीत बरीच मोकळीक. मात्र प्रकरण वारसा समितीसमोर जातं. यादीतल्या घरमालकाला न वापरलेलं चटईक्षेत्र टीडीआर, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा विकास हक्क, म्हणून मिळण्याची तरतूद आहे. लहान गावात तो टीडीआर घेणार कोण, हा प्रश्न राहतोच.

काय परवानगीशिवाय करता येतं

२ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून राज्यभर लागू आहे. गिलावा, रंग, फरशी, आहे त्याच उंचीवर कौलं परत घालणं, अशा कामांना तिच्यात बांधकाम परवाना लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे शेकडो छपरं अशीच परत चढली. पण घर वारसा यादीत किंवा स्मारकाच्या हद्दीजवळ असेल तर ही सूट धरून चालू नका. आणि कौलं काढून त्याच निमित्ताने भिंत दोन फूट वाढवली तर ती दुरुस्ती राहत नाही.

कागदपत्रं

मालमत्ता पत्रक, सिटी सर्व्हे नसेल तिथे सातबारा. भूमी अभिलेखकडून मोजणी नकाशाची 'क' प्रत. नगर परिषदेकडून झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा. घरपट्टीचा असेसमेंट उतारा. थकबाकी नसल्याचा दाखला. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याने केलेले नकाशे: सध्याचा आणि प्रस्तावित, दोन्ही. घर ३० वर्षांहून जुनं असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणीही करून घ्या.

कागद सांगायला एवढेच. यांतला कोणता कुठे अडतो ते सांगतो.

असेसमेंट उताऱ्याची जुनी नोंद मिळवा, चालू वर्षाची पुरत नाही. १९९२ पूर्वीचं घर असल्याचा सगळ्यात सरळ पुरावा तोच. आमच्या घरात १९८७ ची घरपट्टीची पावती देवघराच्या कोनाड्यात, पत्र्याच्या डब्यात, आजीच्या औषधांच्या चिठ्ठ्यांखाली सापडली. सगळ्यांचं नशीब असं नसतं. नगर परिषदेच्या असेसमेंट रजिस्टरच्या जुन्या पानाची साक्षांकित प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जात 'सन १९८५ ते १९९२ मधील मालमत्ता क्रमांक अमुकची नोंद' असं नेमकं लिहा. 'जुनी सर्व कागदपत्रे' असं लिहिलंत तर उत्तर काय येणार ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरं, मालमत्ता पत्रकावरची नावं. कोकणात घर एक आणि नावं वीस, त्यांतली आठ वारलेली, सहा मुंबईला, दोन सुरतेला. वारस नोंद झालेली नसेल तर आधी फेरफार करून घ्या. हयात असलेल्या प्रत्येक हिस्सेदाराचं संमतीपत्र लागतं, नाहीतर कुणा एकाच्या नावे नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र. गणपतीत सगळी मंडळी घरी असतात तेव्हाच हे उरकावं. दीड दिवसाचा गणपती असलेल्या घराने सह्यांचं काम पहिल्याच दुपारी काढावं, कारण विसर्जनाची आरती आटोपली की निम्मे गाडीत बसलेले असतात. कुलमुखत्यारपत्रात 'दुरुस्ती, पुनर्बांधणी, परवानगी व ना हरकत दाखला मिळवणे' हे शब्द स्पष्ट घाला. नुसतं 'घराचे सर्व व्यवहार' लिहिलं तर त्यावर आक्षेप येऊ शकतो, आणि भावकीत संशयही.

तिसरं, उंची. स्मारकाजवळच्या अर्जात उंची मोजताना गच्चीचा कठडा, जिन्याची खोली आणि पाण्याची टाकीही धरतात. उतरत्या छपराच्या घराने याची फार काळजी करू नये, पण मागच्या पडवीवर बसवलेली प्लास्टिकची टाकी नकाशात दाखवा. स्थळपाहणीला आलेला माणूस पहिली तीच बघतो.

भाडेकरू असतील तर

बाजारपेठेतल्या माडीच्या घरांत खाली दुकानं, वर बिऱ्हाडं असतात. इमारत धोकादायक वाटली तर नगर परिषद १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाच्या कलम १९५ खाली नोटीस देऊ शकते. ऑडिटमध्ये वर्ग ठरतो: सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्त करायची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालकाला सी-१ हवा असतो, भाडेकरूला सी-३. त्यामुळे दोन्ही बाजू आपापला अभियंता आणतात. अहवालात काँक्रीटच्या इमारतीच्या चाचण्या जांभ्या-लाकडाच्या घराला लावलेल्या आहेत का ते बघा. तसं असेल तर लाकडाची आणि चिऱ्यांची वेगळी तपासणी मागा.

इमारत पाडली म्हणजे भाडेकरूचा हक्क गेला, हे खरं नाही. सांगलीतल्या एका प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं. म्हणून पाडण्याआधी प्रत्येक गाळ्याचं मोजमाप, भाडेकरूचं नाव आणि सही असलेली यादी करून घ्या. मालकालाही पुढे तिचाच आधार होतो, कारण भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला नियमावलीत वाढीव चटईक्षेत्राची तरतूद आहे आणि ते आधीच्या अधिकृत क्षेत्रावर मोजतात.

अर्ज आणि त्यानंतर

नगर परिषद किंवा नगर पंचायतीकडे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली अर्ज करायचा. ऑनलाइन प्रणालीत तो तुमच्या वास्तुविशारदाच्या लॉगिनमधून जातो. पासवर्ड त्याच्याकडे असला तरी पोचपावतीची प्रत तुमच्याकडे असू द्या. स्मारक, सीआरझेड, जलसंपदा यांचे दाखले आधी मिळवा, मग हा अर्ज. उलट केलं की फाइल 'ना हरकत सादर करावे' या शेऱ्यावर थांबते.

अर्ज पूर्ण असेल आणि ६० दिवसांत काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद कलम ४५ मध्ये आहे. ती नियमांत बसणाऱ्या कामापुरतीच आहे, त्यामुळे वारसा किंवा किनाऱ्याच्या प्रकरणात तिच्या जोरावर कुदळ उचलू नका. परवानगी नाकारली तर निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं. परवानगी एक वर्ष चालते. काम सुरू झालं नाही तर मुदत संपण्यापूर्वी वाढ मागा. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ५० लाखांच्या आत असेल तर १ टक्का कामगार उपकर लागत नाही, म्हणून अंदाजपत्रक खरं आणि तारखेसह जोडा.

काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी घराचे चारी बाजूंनी फोटो काढा. एका फोटोत त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून माणूस उभा करा. प्रत्येक वाशाला, खांबाला पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा घाला. खडूचा आकडा पहिल्या सरीत जातो. आमच्या पडवीचे सत्तावीस वासे असे उतरले, त्यांतले एकोणीस परत चढले. बदललेले आठ फणसाचे. सुतार म्हणाला, जुने सागाचे तुकडे फेकू नका, त्यांच्या खुंट्या होतील. काम आटोपल्यावर घरपट्टीचा नवा उतारा काढून क्षेत्रफळाचा आकडा ताडून बघा. आमचा चार चौरस मीटरने वाढलेला होता, कारण मोजणाऱ्याने तुळशीवृंदावनाचा ओटा धरला होता. आता त्याचा अर्ज चालू आहे.