बोरिस कारलॉफ रशियन? छे, अस्सल लंडनकर!

हॉलिवूडच्या भयपटांचा नट बोरिस कारलॉफ याला नावावरून आजही कित्येक जण रशियन समजतात. प्रत्यक्षात तो लंडनच्या कँबरवेल भागात १८८७ साली जन्मला, नाव विल्यम हेन्री प्रॅट. एक भाऊ तर ब्रिटिश सरकारचा चीनमधला मुत्सद्दी! रशियाशी नव्हे, भारताशी मात्र नातं होतं: घराण्यात भारतीय रक्त होतं, त्याचा सावळा वर्ण त्यातलाच. १९०९ मध्ये तो कॅनडाला गेला आणि नाटकासाठी हे नाव घेतलं. ‘कारलॉफ’ आजोळचं, असं तो सांगे. लेक सारा हिला मात्र घराण्यात असं आडनाव ठाऊक नव्हतं. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटात तो राक्षस झाला, पण सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसासमोर त्याच्या नावाऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह होतं. कागदोपत्री तो शेवटपर्यंत प्रॅटच राहिला.