पार्श्वभूमी : मुंबईच्या 'सीआयडी'त एसीपी आला कुठून?

'सीआयडी' या हिंदी गुन्हे-मालिकेचा पहिला भाग २१ जानेवारी १९९८ रोजी लागला, पण तिची रंगीत तालीम ऐंशीच्या दशकातच मुंबई दूरदर्शनवर, मराठीत झाली होती. पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेल्या 'एक शून्य शून्य'चा कर्ताकरविता 'सीआयडी' काढणारा बी. पी. सिंगच होता आणि पुढे तिच्यात एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) झालेला नट शिवाजी साटमही तिथलाच. सिंगची उमेदवारी बातम्यांचा कॅमेरामन म्हणून झालेली.

मालिकेवरचा जुना आक्षेप नावाचा आहे. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं, म्हणजे सीआयडीचं, मुख्यालय पुण्यात. मुंबईत खून झाला तर तपास पोलीस ठाणं करतं, जोडीला गुन्हे शाखा. एसीपी हे पदही आयुक्तालयातलं. राज्य सीआयडीत त्या दर्जाचा अधिकारी उपअधीक्षक असतो. म्हणून जाणकार हसतात. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो अर्धाच खरा आहे. मुंबई गुन्हे शाखेच्या कागदांवर, अगदी कोर्टातल्या प्रकरणांतही, 'डीसीबी, सीआयडी' असंच लिहिलेलं सापडतं (डीसीबी म्हणजे गुन्हे शाखाच). १९०२-०३ च्या पोलीस आयोगाच्या शिफारशीनंतर प्रांतोप्रांती सीआयडी निघाले आणि ती अक्षरं शहर पोलिसांच्या शाखांनाही चिकटली. म्हणजे मुंबईत 'सीआयडी'चा एसीपी असू शकतो. मालिकेनं शहराची आणि राज्याची सीआयडी एकात मिसळली, तक्रार करायची तर एवढीच.

चित्रीकरणाला हे नाव सोयीचंच ठरलं. अधिकारी साध्या कपड्यांत, त्यामुळे गणवेश नको, ठाणे अंमलदार नको, स्टेशन डायरी नको. एक ब्युरो आणि एक प्रयोगशाळा उभारली की काम भागतं. प्रयोगशाळेबाबत मात्र मला बचाव सुचत नाही. शवविच्छेदन होतं सरकारी रुग्णालयात, रासायनिक तपासणी कलिन्याच्या प्रयोगशाळेत. मालिकेत दोन्ही एकाच खोलीत, एकाच डॉक्टरच्या हातून.

७ नोव्हेंबर २००४ चा १११ मिनिटांचा भाग एकाच शॉटमध्ये घेतलेला होता. पस्तीस मिलिमीटर फिल्मचं हजार फुटांचं रीळ अकराएक मिनिटांत संपतं, तेव्हा हा खेळ व्हिडिओमुळेच जमला. मधे कापायला जागा नाही. नट अडखळला तर तेही प्रक्षेपणात जाणार, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. घटना घडत असताना कॅमेरा न थांबवण्याची सिंगची बातम्यांच्या कॅमेऱ्यामागची सवय इथे कामी आली असावी.

दीड हजारांहून जास्त भागांनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये मालिका थांबली आणि २१ डिसेंबर २०२४ ला परतली. मधल्या काळात कायदाच बदलला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे खुनाचं कलम आता ३०२ नाही, १०३ आहे. शिवाय सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद तपासाच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, आली. राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. ज्याची सर्वांत जास्त टिंगल झाली, त्या डॉक्टरचं प्रेताशेजारी उभं राहणं आता बरंचसं कायद्याला धरून आहे.