कार्यगट वेगळा, कट्टा वेगळा

विद्यापीठाची वेबसाइट बाहेरून एक दिसते, पण ती सांभाळणारे हात विखुरलेले असतात. मध्यवर्ती टीममध्ये मोजके लोक, ग्रंथालयात एखादा, प्रवेश विभागात एखादी, आणि कुठल्यातरी विभागात शिकवणं सांभाळून पानं अद्ययावत ठेवणारं कुणीतरी. या सगळ्यांनी संपर्कात राहावं म्हणून ‘वेब ग्रुप’ निघतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे कार्यगट. त्याला कुणीतरी नेमतं, काम सोपवतं, मुदत देतं. सदस्य आपापल्या विभागाचे प्रतिनिधी म्हणून बसतात. काम झालं की गट विसर्जित होतो.

दुसरीला 1991 मध्ये माणसं कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ म्हटलं. मला तिच्यासाठी आपला ‘कट्टा’च जवळचा वाटतो. इथे नेमणूक नाही. एकाच प्रकारचं काम करणारी माणसं अडलेलं विचारायला आणि सुटलेलं सांगायला येतात. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला, तेव्हा मॅन्युअलने हात टेकले की एकमेकांना सांगितलेले किस्सेच कामी येतात, असं त्यांना दिसलं. वेबचंही तसंच आहे. ‘जुनी साइट हलवण्याआधीच रीडायरेक्टची (जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वळवण्याची) यादी करा, आम्ही नंतर केली आणि शेकडो लिंका तुटल्या’ हे वाक्य इतिवृत्तात सापडणार नाही. त्यात चूक कबूल करावी लागते, आणि चूक माणूस विश्वासातल्या लोकांपुढेच कबूल करतो.

फरक सर्वांत ठळक दिसतो तो घाईच्या वेळी. 15 ऑक्टोबर 2014 रोजी वेबसाइट चालवण्याचं सॉफ्टवेअर असलेल्या ड्रुपल 7 मधली एक गंभीर सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा टीमने बजावलं, की घोषणेनंतर 7 तासांच्या आत पॅच (त्रुटी बुजवणारा बदल) न लावलेली प्रत्येक साइट फोडली गेली आहे असंच धरून चाला. सात तासांत कार्यगटाच्या बैठकीची सूचनाही निघत नाही. ज्याने आधीच पॅच लावलाय त्याला थेट फोन करता येणं, ही कट्ट्याची कमाई.

पण कट्ट्याला निर्णय मागू नका. डब्ल्यूसीएजी 2.2 हे वेब सुगम्यतेचे, म्हणजे अपंग व्यक्तींनाही साइट वापरता यावी यासाठीचे, निकष ऑक्टोबर 2023 मध्ये आले. त्यांची डबल-ए ही मधली पातळी सगळ्या विभागांना बंधनकारक करायची, तर अधिकार लागतो, पैसा लागतो, आणि नाही म्हणणाऱ्या विभागप्रमुखाला उत्तर द्यावं लागतं. तिथे कार्यगटच हवा. कट्ट्यावर सगळे माना डोलावतील आणि निकषांत न बसणाऱ्या पीडीएफ होत्या तशाच राहतील.

उलट चूक मला जास्त घातक वाटते: चालत्या कट्ट्याला अध्यक्ष, विषयपत्रिका आणि तिमाही अहवाल चिकटवणं. आधी एकट्याने विभाग सांभाळणारे येईनासे होतात, मग प्रश्न विचारणारे, आणि शेवटी अहवाल वाचणारेच उरतात. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या वेब व्यवस्थापकांचा वार्षिक मेळावा 1997 पासून भरत आला. तो भरवायलाही कुणीतरी तारीख, जागा आणि वक्ते ठरवावे लागतातच. कट्ट्याला तेवढी व्यवस्था मानवते. हजेरीपट मात्र मानवत नाही.